आइसलँडच्या रस्त्यांवरील पहिले चार दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे केफ्लाविक विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेऊन, दक्षिण किनाऱ्याने पूर्वेकडे, वात्नायोकुल हिमनदीपर्यंत जाणाऱ्या प्रवाशांसाठी आहेत. बेटाच्या उत्तर आणि पश्चिम भागाचा विचार येथे केलेला नाही, कारण तेथील हवामान, अंतरे आणि रस्त्यांचे प्रश्न बरेच वेगळे आहेत.

चार दिवसांत संपूर्ण बेटाला वळसा घालून होतो का?

गाडी चालवूनच घालायचा असेल तर होतो, पाहण्यासाठी घालायचा असेल तर होत नाही. बेटाभोवती फिरणारा क्रमांक 1 चा रस्ता, म्हणजेच रिंग रोड, सुमारे 1,320 किलोमीटरचा आहे, आणि हा आकडा वाचून आपल्याकडील अनेक जण समृद्धी महामार्गाच्या वेगाने दिवसांचा हिशेब मांडतात. येथे शहराबाहेर डांबरी रस्त्यावर ताशी 90, खडीच्या रस्त्यावर ताशी 80 आणि वस्तीत साधारणपणे ताशी 50 किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. रस्ता बहुतेक ठिकाणी दुपदरी, दुभाजक नसलेला आणि कडेला थांबण्यास जागा नसलेला असतो. शिवाय वाऱ्यामुळे एखादा दिवस पूर्णपणे वाया जाऊ शकतो, आणि ज्यांच्या वेळापत्रकात तशी सवड नसते ते नेमके त्याच दिवशी गाडी बाहेर काढतात.

म्हणून आमचा आग्रह असा की पहिल्या चार दिवसांत दक्षिण किनाराच धरावा. पहिला दिवस केफ्लाविक ते रेक्याविक एवढाच, दुसरा गोल्डन सर्कलचा (म्हणजे रेक्याविकहून तीन प्रसिद्ध ठिकाणे पाहून परत येण्याच्या फेरीचा), तिसरा धबधब्यांवरून विक या गावापर्यंतचा आणि चौथा तेथून योकुल्सारलोन या हिमसरोवरापर्यंतचा. यांपैकी एकाही दिवशी अडीचशे किलोमीटरहून फारसे अधिक अंतर पडत नाही.

विमानातून उतरल्याबरोबर पुढे निघावे का?

निघू नये. भारतातून आइसलँडला थेट विमान नाही. वाटेत किमान एकदा विमान बदलावे लागते आणि एक अख्खी रात्र अर्धवट झोपेत जाते. भारताचे घड्याळ आइसलँडच्या साडेपाच तास पुढे असते (तेथे वर्षभर घड्याळ बदलत नाही), त्यामुळे तेथील संध्याकाळी सहा वाजता आपल्या शरीराच्या लेखी रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. जून महिन्यात सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. बाहेर लख्ख उजेड असल्याने आपण थकलो आहोत हे चालकाच्या लक्षातच येत नाही, आणि हा धोका बर्फाइतकाच गंभीर मानावा.

केफ्लाविकपासून रेक्याविक सुमारे 50 किलोमीटरवर आहे. गाडी घ्यावी, शहरात पोहोचावे, किराणा भरावा आणि झोपावे.

भारतीय वाहन परवाना चालतो का?

रोमन लिपीतील वैध परवाना स्वीकारला जातो, आणि महाराष्ट्रातील स्मार्ट कार्डावर मजकूर इंग्रजीतही असतो. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा, कारण गाडी देणाऱ्या कंपनीच्या खिडकीवर किंवा विम्याचा दावा करताना त्याची मागणी होऊ शकते. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो, त्यामुळे दोन्ही जवळ ठेवावेत. बहुतेक कंपन्या साध्या गाडीसाठी किमान 20 वर्षे वयाची आणि एक वर्ष जुन्या परवान्याची अट घालतात. मोठ्या जीपसाठी वयाची अट अधिक असते.

कोणता व्हिसा लागतो?

शेंगेन व्हिसा. आइसलँड युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी 2001 पासून शेंगेन क्षेत्रात आहे. या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे.

चारही चाकांना जोर देणारी, म्हणजे फोर बाय फोर गाडी घ्यावीच लागते का?

जून ते ऑगस्ट या काळात, वर सांगितलेल्या मार्गासाठी, नाही. संपूर्ण मार्ग डांबरी आहे आणि छोटी गाडी तो सहज पार करते. ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ हे अक्षर असते ते अंतर्भागातील डोंगरी रस्ते मात्र वेगळे. तेथे फोर बाय फोर कायद्यानेच आवश्यक आहे, अनेक ठिकाणी पूल नसलेल्या नद्या ओलांडाव्या लागतात आणि बर्फ वितळेपर्यंत, म्हणजे साधारणपणे जूनच्या उत्तरार्धापर्यंत किंवा त्याहूनही उशिरापर्यंत, ते बंदच असतात. पहिल्या चार दिवसांत त्यांच्या वाटेला न जाणेच इष्ट. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात हाच किनारी मार्ग बर्फाळ आणि घसरडा होतो. तेव्हा हिवाळी टायरांची फोर बाय फोर गाडी घ्यावी, आणि बर्फावर गाडी चालवण्याचा अनुभव नसेल तर रेक्याविकहून सुटणाऱ्या मार्गदर्शित बसफेऱ्या निवडण्यात काहीही कमीपणा नाही.

आणखी एक सूचना सर्वांसाठी : ऑटोमॅटिक गाडी घ्यावी. आइसलँडमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात, चालकाचे आसन डावीकडे असते, आणि गियर उजव्या हाताने टाकावा लागतो. आपल्या गाड्यांत दिशादर्शकाचा दांडा बहुधा स्टिअरिंगच्या उजवीकडे असतो आणि तेथे तो डावीकडे असतो, त्यामुळे पहिल्या काही वळणांवर इंडिकेटरऐवजी वायपर सुरू होतात. डोक्याला एवढे नवे काम असताना त्यात क्लचची भर कशाला?

गाडीचा कोणता विमा खरोखर उपयोगी पडतो?

मूलभूत अपघात विमा भाड्यात बहुधा समाविष्ट असतो, परंतु त्यात आपण सोसायची रक्कम मोठी असते. त्याखेरीज दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली, खडीपासून संरक्षण : समोरून येणाऱ्या वाहनाच्या चाकाखालून उडालेला खडा काचेवर आदळणे ही येथील नित्याची बाब आहे. दुसरी, वाळू आणि राख यांपासून संरक्षण : दक्षिण किनाऱ्यावर हिमनद्यांनी वाहून आणलेल्या काळ्या वाळूची विस्तीर्ण मैदाने आहेत, आणि जोराच्या वाऱ्यात ही वाळू गाडीचा रंग अक्षरशः खरवडून काढते. दुसऱ्या दिवसापर्यंतच प्रवास असेल तर वाळूचा विमा टाळता येईल. विकच्या पुढे जाणार असाल तर तो घ्यावा, असे आमचे मत आहे.

वाऱ्याने उपटलेला दरवाजा आणि नदी ओलांडताना गाडीत शिरलेले पाणी या दोन नुकसानींची भरपाई बहुतेक विमायोजनांत मिळत नाही. करारातील ती कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत, आणि गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचे, चाकांचे व समोरच्या काचेचे चित्रीकरण मोबाइलवर करून ठेवावे.

दरवाजा वाऱ्याने उपटला जातो, हे खरे आहे का?

पूर्णपणे खरे आहे. पाठीमागून वारा असताना दरवाजा किंचित उघडला की हवा आत शिरते, दरवाजा हातातून सुटतो, बिजागरी वाकते आणि पत्रा पुढच्या बाजूला दुमडतो; त्यानंतर तो दरवाजा बंद होत नाही. म्हणून गाडी उभी करताना तिचे तोंड वाऱ्याकडे करावे. उतरताना खिडकी थोडी खाली घेऊन वाऱ्याचा अंदाज घ्यावा, दरवाजाची चौकट एका हाताने आणि मूठ दुसऱ्या हाताने धरूनच तो उघडावा, आणि एका वेळी एकच दरवाजा उघडावा. मागच्या आसनावरील मुलांना स्वतःहून दरवाजा उघडू देऊ नये. मागच्या दरवाजांचे चाइल्ड लॉक विमानतळावरच लावून टाकावे.

वाऱ्याचा वेग तेथे मीटर प्रतिसेकंद या मापात सांगतात. सेकंदाला 15 मीटरपर्यंत वारा पोहोचला की सावध व्हावे. 20 मीटर म्हणजे ताशी 72 किलोमीटर, आणि अशा वाऱ्यात उंच गाडी किंवा कॅम्परव्हॅन मुळीच चालवू नये. रिंग रोडवर ठिकठिकाणी तापमान, वारा आणि झोत (वाऱ्याचा अचानक वाढणारा जोर) दाखवणारे विद्युत फलक आहेत. सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा आकडा महत्त्वाचा, कारण एयाफ्यात्लायोकुल या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या पायथ्याशी किंवा विकच्या परिसरात डोंगरावरून उतरणारा झोत सरासरीच्या कितीतरी पुढे जातो. दररोज सकाळी निघण्यापूर्वी आइसलँडच्या हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी व लाल इशारे आणि रस्ते प्रशासनाचा नकाशा, हे दोन्ही पाहावेत. नारिंगी इशारा असेल तर मुक्काम हलवू नये, हॉटेलचे पैसे बुडाले तरी चालेल.

रस्त्याचे कोणते नियम आपल्याला नवे वाटतात?

दिवसाही दिवे लावून गाडी चालवणे सक्तीचे आहे आणि मागे बसलेल्यांनाही पट्टा बांधावाच लागतो. दोन मार्गिकांच्या चौकवर्तुळात (राउंडअबाउटमध्ये) आतल्या मार्गिकेतील वाहनाला बाहेर पडताना प्राधान्य असते; हा नियम युरोपातही इतरत्र फारसा आढळत नाही आणि रेक्याविकमध्ये पहिल्याच तासात त्याच्याशी गाठ पडते. एकेरी पुलावर जो पुलाच्या अधिक जवळ असेल तो आधी जातो, तरी वेग कमी करून समोरच्याचा इरादा पाहून घ्यावा. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या सोडलेल्या असतात. रस्त्याच्या एका बाजूला मेंढी आणि दुसऱ्या बाजूला कोकरू दिसले तर कोकरू आईकडे धाव घेणार हे गृहीत धरून जवळजवळ थांबावे.

छायाचित्रासाठी रस्त्यावर मध्येच थांबणे हा अपघातांना थेट आमंत्रण देणारा प्रकार आहे. पुढचा थांबा येईपर्यंत धीर धरावा.

रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी नेणे कायद्याने निषिद्ध आहे आणि त्याबद्दल मोठा दंड होतो. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे : लाव्हावर वाढणारे शेवाळ अत्यंत सावकाश वाढते, आणि चाकाने उमटलेला एक पट्टा भरून येण्यास अनेक दशके लागतात.

रेक्यानेस द्वीपकल्पावर ज्वालामुखीचे उद्रेक होत असताना तेथे उतरणे सुरक्षित आहे का?

केफ्लाविक विमानतळ याच द्वीपकल्पावर आहे, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. सुमारे आठशे वर्षांच्या शांततेनंतर मार्च 2021 मध्ये फाग्रादाल्सफ्यात्ल येथे जमीन फाटली. पुढे 10 नोव्हेंबर 2023 च्या रात्री ग्रिंडाविक हे मासेमारीचे गाव रिकामे करण्यात आले आणि त्याच डिसेंबरपासून गावाच्या उत्तरेकडील भेगांतून वारंवार उद्रेक झाले. जानेवारी 2024 मध्ये लाव्हा गावातील घरांपर्यंत पोहोचला. फेब्रुवारीत त्याने गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि द्वीपकल्पावरील हजारो घरे ऐन थंडीत उबेविना राहिली.

हे उद्रेक भेगांतून वाहणाऱ्या लाव्हाचे आहेत. 14 एप्रिल 2010 रोजी एयाफ्यात्लायोकुलच्या हिमटोपीखाली सुरू झालेल्या उद्रेकात वितळलेल्या बर्फाचे पाणी आणि तप्त शिलारस एकत्र येऊन बारीक राख आकाशात उंच गेली होती, आणि तिच्यामुळे युरोपातील विमानवाहतूक अनेक दिवस ठप्प झाली. भेगांच्या उद्रेकांत तेवढी राख उठत नाही, त्यामुळे विमानतळ सहसा सुरू राहतो. मात्र गंधकयुक्त वायूचा धोका खरा असतो, वाऱ्यानुसार तो दिशा बदलतो आणि ब्लू लगून या गरम पाण्याच्या स्नानस्थळासारखी ठिकाणे अल्प सूचनेवर रिकामी केली जातात. बंद रस्त्याचा अडथळा ओलांडून लाव्हा पाहायला जाऊ नये. ग्रिंडाविकच्या रहिवाशांनी या भेगांपायी आपली घरे गमावली आहेत, याचे भान तेथून जाताना प्रत्येकाने ठेवावे.

गोल्डन सर्कलमध्ये नेमके काय पाहावे आणि कशाला वेळ द्यावा?

थिंगवेत्लिर, गेयसिर आणि गुत्लफॉस ही तीन ठिकाणे. रेक्याविकहून निघून परत येईपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर होतात. बहुतेक प्रवासी थिंगवेत्लिरला अर्धा तास देतात, आणि आमच्या मते सर्वाधिक वेळ तेथेच द्यायला हवा. इ. स. 930 च्या सुमारास येथे अल्थिंग ही देशाची लोकसभा भरू लागली, 1798 पर्यंत ती याच जागी भरत राहिली, आणि 17 जून 1944 रोजी प्रजासत्ताकाची घोषणाही येथेच झाली. आल्मान्नाग्या नावाच्या खिंडीतून चालताना एका हाताला काळ्या बेसॉल्टचा सरळ कडा असतो आणि दुसऱ्या हाताला खाली खचत गेलेली दरी दिसते. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर वेगाने एकमेकांपासून दूर सरकत असल्यामुळे ही जमीन फाटली आहे.

गेयसिरच्या परिसरातील मूळचा मोठा फवारा आता क्वचितच उडतो. नियमितपणे उसळतो तो शेजारचा स्ट्रोक्कुर, दर पाच-दहा मिनिटांनी. तो पाहताना कॅमेऱ्याऐवजी कुंडाकडे नजर लावावी. आधी पाणी दोन-तीनदा वर-खाली होते, मग क्षणभर निळसर, काचेसारखा गोल घुमट फुगतो, आणि तो फुटून वीस मीटरपर्यंत किंवा त्याहून उंच स्तंभ उभा राहतो. वारा ज्या दिशेला वाहत असेल तेथे उभे राहू नये. भोवतालचे ओहळ उकळते असतात, त्यामुळे मुलांचा हात धरून ठेवावा.

गुत्लफॉस येथे ह्विटा नदी 11 आणि 21 मीटरच्या दोन टप्प्यांत कोसळते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे वीजनिर्मितीचा घाट घातला गेला होता. शेजारच्या शेतकरी कुटुंबातील सिग्रिदुर तोमासदोत्तिर यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला. त्यांचे स्मारक धबधब्यापाशी आहे, तेथे अवश्य थांबावे.

धबधब्यांपाशी जाण्यासाठी काय तयारी लागते?

सेल्यालान्ड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही सुमारे 60 मीटर उंच आहेत आणि दोन्ही ज्या कड्यांवरून पडतात ते एके काळचे समुद्रकडे आहेत. समुद्र मागे हटला आणि कडे आत राहिले. पहिल्याच्या पडद्यामागून पायवाट जाते. सह्याद्रीतील पावसाळी भटकंतीची सवय असलेल्यांना ती अवघड वाटणार नाही, परंतु हे पाणी बर्फाचे आहे आणि ओल्या कपड्यांना वारा लागला की ऐन जुलैतही हुडहुडी भरते. पावसाळी पँट आणि जाकीट दोन्ही हवीत, पकड असलेले बूट हवेत. छत्री घेऊच नये. प्रवेश विनामूल्य असला तरी पार्किंगचे शुल्क अनेक ठिकाणी द्यावे लागते आणि कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो, त्यामुळे निघण्यापूर्वी यंत्रावर किंवा अॅपवर पैसे भरावेत.

विकजवळील रेनिस्फ्याराचा काळा किनारा धोकादायक का मानतात?

कारण तेथे माणसे वाहून गेली आहेत, आणि त्यांतील बहुतेक जण पाण्यात उतरलेलेही नव्हते. किनाऱ्याचा तळ अचानक खोल होतो. लहान लाटांच्या मालिकेनंतर एखादी लाट कोणतीही चाहूल न देता कितीतरी पुढे येते, पायाखालची गोटेरी वाळू ओढून नेते आणि थंड पाण्यातून परत येणे जवळजवळ अशक्य होते. प्रवेशाजवळ त्या दिवसाचा धोका दाखवणारा दिव्यांचा फलक आहे. त्याचे पालन करावे, समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढू नये, आणि लाट येऊन गेल्याने जेथवर वाळू ओली आहे त्या रेषेच्या बरेच मागे राहावे.

तेथील षट्कोनी खांबांची भिंत सुरक्षित अंतरावरूनही पुरेशी दिसते. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि तडकून असे खांब तयार होतात. मुंबईकरांनी हीच रचना अंधेरीच्या गिल्बर्ट हिलमध्ये पाहिलेली असेल. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहे, तर आइसलँडचा खडक भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालचा.

विक ते योकुल्सारलोन या टप्प्यात थांबण्यासारखे काही आहे का?

हा सुमारे 190 किलोमीटरचा टप्पा अनेक जण झोपेत घालवतात, आणि ते वाईट आहे, कारण बेटाचा इतिहास याच टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. विक सोडताच काट्ला ज्वालामुखीच्या पुरांनी वाहून आणलेली वाळू लागते. काट्लाचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा. जुलै 2011 मध्ये काट्लावरील हिमटोपीखालून आलेल्या पुराने मूलाक्विस्ल नदीवरील पूल वाहून नेला आणि रिंग रोड तुटला होता.

पुढे मऊ, फिकट हिरव्या शेवाळाने मढलेला एल्डह्रौन हा लाव्हा सुरू होतो. 8 जून 1783 रोजी लाकी येथील ज्वालामुखीच्या भेगा उघडल्या आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत वाहत राहिल्या. साडेपाचशे चौरस किलोमीटरहून अधिक जमीन लाव्हाखाली गेली. विषारी वायूंनी गवत दूषित झाले, गुरे मेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या दगावली. किर्क्युबायारक्लौस्तुर या गावी 20 जुलै 1783 रोजी धर्मगुरू योन स्टेइनग्रिम्सन यांनी प्रवचन दिले, आणि लाव्हा गावापूर्वीच थांबला, अशी तेथील लोकांची स्मृती आहे. त्यांच्या नावाची छोटी प्रार्थनावास्तू गावात आहे. याच गावात पेट्रोल भरून घ्यावे.

त्यानंतर स्केइदारारसान्दुर हे विराण वाळूमैदान येते. 1974 मध्ये येथे पूल बांधला गेला तेव्हाच रिंग रोड पूर्ण झाला. तोवर दक्षिण किनाऱ्यावरील माणसाला पलीकडच्या गावी गाडीने जायचे तर उत्तरेकडून अख्ख्या बेटाला वळसा घालावा लागे. 1996 च्या शरद ऋतूत वात्नायोकुलखाली उद्रेक झाला, वितळलेले पाणी काही आठवडे बर्फाखाली साठत राहिले आणि 5 नोव्हेंबर रोजी एकदम बाहेर पडले. त्या पुराने वाकवलेल्या पुलाच्या लोखंडी तुळया स्काफ्टाफेलजवळ रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. त्यांच्या शेजारी उभे राहिल्यावर पोलादाचा पीळ माणसाच्या उंचीच्या मानाने केवढा आहे ते कळते.

शाकाहारी माणसाचे जेवणाचे काय?

हाल होत नाहीत, पण खर्च होतो. बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून पहिल्याच दिवशी किराणा भरावा आणि स्वयंपाकघर असलेले मुक्काम निवडावेत; विकनंतर दुकाने विरळ होतात. स्कीर हा दाट, आंबटसर चक्क्यासारखा पदार्थ सर्वत्र मिळतो. राईची काळी पाव-भाकरी आणि भूगर्भातील उष्णतेवर चालणाऱ्या काचगृहांतील टोमॅटो-काकडी उत्तम असतात. घरून मेतकूट, चटण्या, पोहे, उपम्याचे तयार पीठ न्यावे. मात्र मांस व दुग्धजन्य पदार्थ बाहेरून आणण्यावर निर्बंध असल्याने तूप, खवा, पेढे टाळावेत. नळाचे थंड पाणी थेट प्यावे, बाटल्या विकत घेऊ नयेत.

सार्वजनिक तरणतलावात संकोच वाटतो, जावे का?

अवश्य जावे. जवळजवळ प्रत्येक गावात भूगर्भातील गरम पाण्याचा तलाव असतो आणि गावकरी संध्याकाळी तेथेच गप्पा मारतात. पाण्यात फारसे क्लोरीन घालत नसल्याने उतरण्यापूर्वी पोहण्याचा पोशाख काढून साबणाने अंघोळ करणे बंधनकारक आहे. स्त्री-पुरुषांच्या जागा वेगळ्या असतात, काही तलावांत पडदेही असतात. तेथे कोणी कोणाकडे पाहत नाही.

गाडीतच रात्र काढली तर?

कॅम्परव्हॅन असली तरी रात्री अधिकृत तळावरच थांबावे. पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला जमीनमालकाच्या परवानगीशिवाय झोपण्यास मनाई आहे.

संकटात कोणाला हाक मारावी?

112 हा एकच क्रमांक लक्षात ठेवावा. त्याचे अॅप मोबाइलमध्ये घेतल्यास आपले ठिकाणही कळवता येते. डोंगरात आणि वादळात मदतीला येणारी पथके लान्ड्सब्योर्ग या संघटनेची असतात आणि त्यांतील माणसे स्वयंसेवक आहेत, आपले काम सोडून रात्री-अपरात्री निघणारी. बंद रस्त्यावर गाडी घालणारा त्यांचाही जीव धोक्यात घालतो.

चौथ्या दिवशी योकुल्सारलोनहून पुढे जावे की परत फिरावे?

परतीच्या विमानाला किमान सहा दिवस उरले असतील आणि पूर्व किनाऱ्यावर वाऱ्याचा इशारा नसेल, तर 80 किलोमीटरवरील होप्न गावी मुक्काम करून पुढची फेरी पूर्ण करावी. तेवढे दिवस नसतील तर सरोवराजवळच दोन रात्री राहावे : एक सकाळ हिमनग पाहण्यासाठी, दुसरी स्काफ्टाफेलमधील स्वार्तिफॉस धबधब्याच्या पायवाटेसाठी, आणि मग त्याच रस्त्याने परत फिरावे. येताना ढगांत दडलेले डोंगर परतताना पुष्कळदा दिसतात.